समुद्रावर जाताना खेळ ठरवून जा

दिवाळीची सुट्टी जवळ आली किंवा एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा संपल्या, की माझ्या दवाखान्यात एक मागणी हमखास येते. "डॉक्टर, रविवारी अलिबागला चाललोय. पोरांना गाडी लागते, उलटीच्या गोळ्या लिहून द्या." मी गोळ्या लिहून देतो आणि विचारतो, "तिथे जाऊन दिवसभर करणार काय?" उत्तर बहुतेक वेळा एकच असते. "करायचं काय? समुद्रात डुंबायचं, मासे खायचे आणि यायचं!"

वाचकहो, हे उत्तर ऐकले की माझ्या मनात पाल चुकचुकते. त्याचे कारण आज सांगणार आहे.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला समुद्र नवा नाही असे म्हणता येईल. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरचा माल नाणेघाट उतरून कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जात होता. घाटातला जकातीचा दगडी रांजण आजही आपण मुलांना दाखवतो. पण ते नाते व्यापाराचे होते. आपली खरी ओळख आहे ती विहिरीच्या, नदीच्या आणि आता धरणाच्या पाण्याशी. माणिकडोह, येडगाव, डिंभे यांच्या काठी वाढलेल्या पोराला पाण्याची भीती वाटत नाही. पाठीला रिकामा डबा बांधून तो विहिरीत उतरतो आणि दहा-बारा वर्षांचा झाला की काठावरून मुटका मारतो. याच पोराची मला समुद्रावर सर्वांत जास्त काळजी वाटते.

घरचाच अनुभव

काही वर्षांपूर्वी आम्ही घरची सोळा माणसे दोन गाड्या करून निघालो. महड आणि पालीच्या गणपतींचे दर्शन घेतले आणि पुढे रायगड जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावर पोहोचलो. दुपार झाली होती. बायकांनी झाडाखाली सतरंजी अंथरून डबे उघडले. पुरुष मंडळी जेवून आडवी झाली. मीही झालो. मुलांना आम्ही एवढेच सांगितले, "खोल जाऊ नका रे!"

माझा पुतण्या तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. गावातल्या सगळ्यांत खोल विहिरीचा तळ गाठून मूठभर गाळ वर आणणारा. थोड्या वेळाने धाकटी मुलगी धावत आली. "काका, दादा खूप लांब दिसतोय." मी उठून पाहिले. तो हात मारत होता, पण किनाऱ्याकडे येण्याऐवजी आतच चालला होता. ओरडत नव्हता, हाका मारत नव्हता. आमच्यातले दोघे पाण्याकडे धावले, त्यांना मी कसेबसे अडवले. जवळच जाळे दुरुस्त करत बसलेल्या दोन कोळी बांधवांनी होडी लोटली आणि त्याला बाहेर काढले.

तो शुद्धीवर होता, पण खोकत होता आणि ओठ निळसर पडले होते. भोवती जमलेली माणसे सांगत होती, "पालथा घाला, पोट दाबा, पाय धरून फिरवा." मी यातले काही करू दिले नाही. त्याला कुशीवर वळवून थेट रुग्णालयात नेले. रात्रभर प्राणवायूवर ठेवावे लागले. आज तो उत्तम बागाईत करतो, दोन मुलांचा बाप आहे.

संध्याकाळी त्या कोळी बांधवाचे आभार मानायला गेलो, तेव्हा तो म्हणाला, "डॉक्टर, विहिरीतलं पाणी उभं असतं. हे चालतं." मी पंचवीस वर्षे लोकांना आरोग्य शिकवत होतो आणि ही साधी गोष्ट माझ्याच घरात कुणाला सांगितली नव्हती.

समुद्राचे पाणी कसे चालते?

आपण दारे धरतो तेव्हा वाफ्यात पाणी सावकाश पसरते. पण बांध एका जागी फुटला, की सगळे पाणी त्याच वाटेने पळत सुटते. समुद्रकाठी असेच घडते. लाटा पाणी किनाऱ्यावर आणून टाकतात. ते परत जाताना एखादी चिंचोळी, जरा खोल वाट शोधते आणि जोराने आत वाहते. या ठिकाणी लाटा फुटताना दिसत नाहीत. दोन्ही बाजूंना फेस आणि मधे शांत पट्टा, असे ते दृश्य असते. नवखा माणूस नेमका तो शांत पट्टा पोहायला निवडतो.

हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. त्याच्याशी झुंजून सरळ किनाऱ्याकडे येऊ पाहणारा पट्टीचा पोहणाराही दमतो आणि दमल्यामुळे बुडतो. अशा वेळी घाबरून हातपाय मारू नयेत. पाठीवर तरंगावे, एक हात वर करून मदत मागावी. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, म्हणजे आडवे पोहत प्रवाहाच्या बाहेर पडावे आणि मग काठाकडे वळावे. हे मुलांना घरीच, निघण्याच्या आदल्या रात्री समजावून सांगा. पाण्यात शिरल्यावर कुणी ऐकत नाही.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. तो काही पावसाळा नव्हता, वादळही नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या बालकांचा होता. एवढी लहान मुले खोल पाण्यात जाऊन बुडत नाहीत. मोठ्यांची नजर हटते, तेवढ्या वेळात बुडतात.

माझे म्हणणे

यावर कुणी म्हणेल, "मग डॉक्टर, समुद्रावर जाऊच नये का?" जरूर जावे. वर्षभर टोमॅटोच्या बाजारभावाच्या, द्राक्षाच्या फवारणीच्या आणि कांद्याच्या चिंतेत पिचलेल्या घराला असा एक दिवस औषधासारखा असतो. माझ्याकडे डोकेदुखी, छातीत धडधड, झोप न येणे अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना गोळीपेक्षा घरच्यांबरोबर हसण्याखेळण्याची गरज असते.

पण नुसते "खोल जाऊ नका" म्हणून भागत नाही. मुलांना दुसरे काही करायला दिले नाही, तर ती पाण्यातच जाणार आणि कंटाळा आला की आणखी आत जाणार. माझ्या घरचा प्रसंग घडला तो मुलगा अवज्ञाकारी होता म्हणून नव्हे. आम्ही मोठी माणसे झोपलो होतो आणि त्याच्यासाठी दिवसाचा काही बेतच केला नव्हता, म्हणून. तेव्हापासून आमच्या घरी सहलीच्या आधी जेवणाचा बेत ठरतो तसा खेळाचाही बेत ठरतो. सगळे घर मिळून वाळूत खेळत असले, की कुणी एकटे पाण्यात राहत नाही. माझ्या मते समुद्रावर याहून मोठे संरक्षण नाही.

आधी तिथी पाहा

पहिला बेत भरती-ओहोटीचा. त्यासाठी भिंतीवरची दिनदर्शिका पुरे. कोकणातली जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. समजा पंचमी आहे. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण होईल आणि त्याआधी सुमारे सहा तास, म्हणजे साडेनऊ-दहाला, ओहोटी पूर्ण झालेली असेल. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी साडेअकरा-बाराच्या आसपास येते. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हा हिशेब लागू पडतो. तो ढोबळ आहे, तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून किनाऱ्यावर पोहोचताच स्थानिक माणसाला विचारून खात्री करावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाण्याची चढउतार कमी असते.

पाणी ओसरत असताना, म्हणजे भरतीनंतरच्या तासांत, पाण्यात उतरूच नये. पाणी चढत असताना पाय भिजवावेत, तेही गुडघ्यापर्यंतच. गुडघ्याच्या वर पाणी आले की मागे फिरायचे, हा नियम लहानथोर सर्वांना सारखा. चांगल्या पोहणाऱ्याला सूट नाही. पावसाळ्यात तर पाण्यात पाऊलही घालू नये. १ जून ते ३१ जुलै या काळात मासेमारी बंद असते. ज्यांचा जन्म दर्यावर गेला तेच होड्या वर ओढून ठेवतात, तिथे आपण घाटावरच्यांनी धाडस करण्यात काय अर्थ?

अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाऊन पाहता येतो. शिवनेरीच्या पायथ्याच्या मुलांनी तो अवश्य पाहावा. शिवाजी महाराजांनी १६८० साली या जलदुर्गाचे काम सुरू केले. चारी बाजूंना खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याची विहीर आहे, हे पाहून मुले थक्क होतात. मात्र परत फिरण्याची वेळ आधी ठरवून घ्या. भरती सुरू झाली की वाट पाण्याखाली जाते. भांगाच्या दिवसांत ओहोटीलाही वाटेत पाणी राहू शकते, म्हणून स्थानिकांनी "जा" म्हटल्याशिवाय पाऊल टाकू नये.

वाळूतले खेळ

आता खेळांकडे वळू. त्यांना पैसा लागत नाही, महागडे साहित्य लागत नाही.

दिवाळीत आपली मुले अंगणात किल्ला करतात, तोच वाळूत करायला लावा. एका गटाने शिवनेरी, दुसऱ्याने कुलाबा. मावळे म्हणून शिंपले, तटबंदीला ओली वाळू. आजोबांना परीक्षक नेमा. एक दक्षता घ्या. वाळूत खोल खड्डा किंवा बोगदा खणू देऊ नका. कडा ढासळून मूल आत गाडले जाऊ शकते. खेळणाऱ्या मुलाच्या गुडघ्याएवढा खड्डा पुष्कळ झाला.

ओल्या, घट्ट वाळूवर कबड्डी, लंगडी, खो-खो आणि रस्सीखेच फार रंगतात. पडले तरी लागत नाही. पुरुषांविरुद्ध बायका अशी रस्सीखेच आम्ही दरवर्षी लावतो. खुरपणी आणि धारा काढून कसलेल्या हातांपुढे आम्हा पुरुषांची काय गत होते ते इथे लिहीत नाही.

लहान मुलांना ओहोटीच्या वाळूवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी दाखवा आणि ही कुणी केली असेल ते ओळखायला सांगा. लहान खेकडे वाळूतले अन्न खाऊन उरलेल्या वाळूच्या गोळ्या करून टाकतात. न हलता पाच मिनिटे बसले, तर खेकडा बिळाबाहेर येतो. पाच मिनिटे मूल गप्प बसलेले पाहायला आईलाही आवडेल!

शाळेत मुले खारे आणि मतलई वारे पाठ करतात. दुपारी हातरुमाल उंच धरून ते पडताळता येतात. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो, तो खारा वारा. रात्री आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई. याच वाऱ्याने हवेच्या ट्यूबवर बसलेले मूल पाहता पाहता आत जाते. म्हणून ट्यूब आणि फुगवलेली खेळणी समुद्रात नेऊच नका. होडीत किंवा पाण्यावरच्या इतर वाहनांत बसायचे असेल, तर तरंगणारे जाकीट अंगावर बांधल्याशिवाय बसू नका, मग चालक काहीही म्हणो.

घरातल्या बायकांसाठी

आपल्या सहलीत एक चूक नेहमी होते. घरची बाई आदल्या रात्री बारापर्यंत धपाटे लाटते, पहाटे तीनला उठते आणि किनाऱ्यावर दिवसभर पिशव्या राखत बसते. मग तिची सहल कुठली? त्या दिवशी जेवण खानावळीत घ्यावे किंवा पुरुषांनी वाढावे. पिशव्या गाडीत ठेवून कुलूप लावावे. साडी भिजली की जड होते, पायात गुंतते आणि लाटेत तोल जातो. म्हणून पाण्याजवळ जाताना सलवार-कमीज घालावा. सासूबाईंनी स्वतःहून "घाल गं बाई" म्हणावे, म्हणजे सुनेला संकोच वाटणार नाही. ज्येष्ठांनीही ओल्या घट्ट वाळूवर सावकाश फेरी मारावी, गुडघ्यांना बरे वाटते. भुसभुशीत वाळूत मात्र चालू नये, गुडघे आणि घोटे दुखावतात.

पाण्याचा राखणदार

ज्वारीवर पाखरे राखायला आपण माळ्यावर माणूस बसवतो. तसा पाण्यावर एक राखणदार नेमावा. अर्ध्या तासाची पाळी आणि काम एकच, पाण्याकडे पाहणे आणि माणसे मोजणे. त्याने फोन पाहायचा नाही, फोटो काढायचे नाहीत, गप्पा मारायच्या नाहीत. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. श्वासच पुरत नाही तर ओरडणार कसा? तो मुकाट्याने बुडतो. लहान मूल तर हाताच्या अंतरावरच हवे. ज्याने दारू घेतली आहे त्याला राखणदार करू नये आणि पाण्यातही जाऊ देऊ नये. खरे तर त्या दिवशी बाटली घरीच ठेवावी. हे ज्यांना उद्देशून आहे त्यांनी राग मानू नये. मी वीस-पंचवीस वर्षांच्या पोरांच्या बापांना दवाखान्यात रडताना पाहिले आहे.

प्रकृतीच्या चार गोष्टी

आपण सुमारे दोन हजार फुटांवर, कोरड्या हवेत राहतो. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि अंगातले पाणी-मीठ मात्र जात राहते. बारा ते चार सावलीत राहावे, डोक्यावर टोपी किंवा टॉवेल असावा. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली भरून न्यावी. लघवी गडद पिवळी होऊ लागली तर पाणी कमी पडते आहे असे समजावे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या सहलीच्या दिवशीही वेळेवर घ्याव्यात. मधुमेहींनी अनवाणी मुळीच चालू नये. पायाची संवेदना कमी असते, तापलेल्या वाळूने फोड येतात आणि ते दुसऱ्या दिवशी कळते.

काठावर पडलेल्या जेलीफिशला हात लावू नये, मेलेला असला तरी तो डंखतो. डंख झाल्यास समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चिकटलेले तंतू काडीने काढावेत, चोळू नये आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग ठेवावा. पाकटाचा काटा लागला तरी गरम पाण्याने वेदना कमी होतात, पण जखम डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे.

बुडणारा दिसला तर मागे उडी मारू नका. दोर, ट्यूब, रिकामा कॅन, मिळेल ते तरंगणारे त्याच्याकडे फेका आणि होडीवाल्यांना हाक मारा. बाहेर काढल्यावर पोट दाबण्यात किंवा उलटे धरण्यात वेळ घालवू नका. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. श्वास नसेल तर मान मागे करून हनुवटी उचला, नाक चिमटून तोंडाने आधी दोन ते पाच श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने ३० दाब आणि २ श्वास, असे मदत येईपर्यंत करत राहा. दुसऱ्याला लगेच १०८ वर फोन करायला सांगा. आणि पाण्यातून वाचवलेला माणूस "मी बरा आहे" म्हणाला, तरी त्याला रुग्णालयात न्या. फुप्फुसांत गेलेले पाणी काही तासांनी त्रास देऊ शकते.

शेवटी एक गोष्ट. पहाटे निघून त्याच रात्री घाट चढून परत येण्याचा आग्रह धरू नये. दमलेला चालक हा समुद्राइतकाच धोकादायक. जमल्यास रात्रीचा मुक्काम करावा, नाहीतर उजेड आहे तोवर निघावे.

पुढच्या वेळी कुणी गोळ्या मागायला आला आणि मी विचारले, "तिथे करणार काय?", तर "डॉक्टर, पोरं किल्ला करणार, बायका रस्सीखेच जिंकणार आणि आम्ही पाळीपाळीने पाणी राखणार" असे उत्तर मला ऐकायला मिळावे. त्या दिवशी तपासणीची फी मी घेणार नाही!